घरच्या घरी विज्ञान : पोरांना करून पाहू द्या
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आपण नेहमी लागणीचे अंतर, खोडव्याची मशागत, हुमणीचा बंदोबस्त असे विषय वाचता. या खेपेस विषय थोडा बदलला आहे. घरातील चार ते आठ वर्षांच्या मुलांनी घरच्याच वस्तूंतून करावयाचे विज्ञानाचे साधे प्रयोग, हा आजचा विषय. शेतकी खात्याच्या माणसाने मास्तरांच्या बांधावर पाय का टाकला, असे कुणी म्हणेल. त्याला कारण घडले, ते आधी सांगतो.

आमचे बिऱ्हाड नाशिकला इंदिरानगरात आहे. सकाळी पोरे झोपेत असताना मी पाथर्डी फाट्यावरून मोटारसायकल काढतो आणि गटातून परततो तेव्हा दिवे लागलेले असतात. गळीत हंगामात तर रविवारही आपला नसतो. त्यामुळे पोरांना बापापेक्षा बापाच्या बॅगेचीच ओळख जास्त. बॅगेत टेप असतो, नोंदवही असते आणि उसाची पक्वता पाहण्याचा हँड रिफ्रॅक्टोमीटर असतो.

आमची धाकटी पहिलीत आहे. एका संध्याकाळी तिने विचारले, "पप्पा, या दुर्बिणीतून काय दिसतं?" मी म्हटले, "ऊस किती गोड आहे ते दिसतं." त्यावर ती म्हणाली, "गोड तर जिभेला कळतं. डोळ्यांना कसं दिसेल?" प्रश्न नामी होता. पण मी दिवसभर उन्हात फिरून आलेला. "हात लावू नको, महागाचं आहे, जा अभ्यास कर," एवढे बोलून मी बॅग खुंटीला अडकवली.

पुढच्याच रविवारी सौ.ने गॅलरीतून हाक मारली. तिचा आवाज ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. धाकटीने बॅगेतून एक प्लॅस्टिकचे माप काढले होते. त्यात हळदीचे पाणी कालवून ती बाहुलीच्या दवाखान्याचे औषध करीत होती. ते माप कीटकनाशक मोजायचे होते. प्रात्यक्षिकाहून येताना न धुता मीच ते बॅगेत टाकले होते. तिने ते तोंडाला लावले नव्हते, एवढे नशीब. साबणाने हात धुतले, कपडे बदलले, डॉक्टरांना दाखवून आणले आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवली. काही झाले नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

चूक माझी होती आणि ती दुहेरी होती. औषधाचे माप घरात आणले ही पहिली. दुसरी मला उशिरा कळली. पोराला "हात लावू नको" म्हटले म्हणजे ते प्रयोग थांबवते असे नाही. ते आपल्यामागे प्रयोग करते. मग तो आपल्यादेखत, आपल्या सांगण्याने का होऊ नये? तेव्हापासून सवड मिळेल तो रविवारचा एक तास आमच्या गॅलरीत 'करून बघू'चा असतो.

ही वाट आपल्याकडे जुनीच आहे

हे काही शहरी खूळ नव्हे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डी या खेड्यात काम मांडले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी वस्तीतल्या मुलांसाठी परदेशी महागडी साधने आणणार कोठून? मग बिया, शिंपले, पाने, खडे, काड्या हीच साधने झाली. मोजणे, निवडणे, लहानमोठे लावणे, रंग ओळखणे हे मुले त्यांतूनच शिकली. मूल शाळेत येत नाही तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आली. आज गावोगावच्या पाट्यांवर दिसणारा शब्द तोच.

दुसरे नाव अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आय.आय.टी.तून शिकलेला हा इंजिनिअर पुण्यात मोटार कारखान्यात नोकरी करीत होता. १९७८ साली तो मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामाशी जोडला गेला. खेड्यातल्या बाजारात काय मिळते? काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. त्या दोहोंतून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले आणि पुढे टाकाऊ वस्तूंतून असंख्य खेळणी केली. नंतर पुण्याला, डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या 'आयुका' संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांना ही खेळणी करायला शिकवली. शोधिकेच्या इमारतीला पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ 'पुलस्त्य' हे नाव दिलेले आहे. २०१८ साली गुप्तांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत.

या दोन्ही कामांतून एक गोष्ट दिसते. मुलाला साधन महाग लागत नाही. मोठ्या माणसाचा थोडा वेळ लागतो. शेतकऱ्याच्या घरात तर साधनांना तोटाच नाही. खाली दिलेले प्रयोग मी घरी करून पाहिलेले आहेत. प्रत्येकाच्या शेवटी शेताशी किंवा कारखान्याशी असलेला संबंध दिला आहे, म्हणजे आजोबांनाही बोलायला विषय मिळेल.

१. डोळे मिटून ऊस

एका उसाचा बुडखा, मधला भाग व शेंडा यांचे सोललेले करवे तीन ताटल्यांत ठेवावेत. मुलाने डोळे मिटावेत, आपण एकेक करवा द्यावा. सर्वांत गोड कोणता, सर्वांत अळणी कोणता, हे त्याने सांगावे. घरातील चार जणांनी पाळीपाळीने चाखावे व मुलाने भिंतीवर कोळशाने खुणा कराव्यात.

ऊस तयार नसेल तर बुडखा गोड आणि शेंडा अळणी लागतो. ऊस पक्व होत जातो तसतसा हा फरक कमी होतो. आम्ही रिफ्रॅक्टोमीटरने वरच्या व खालच्या कांड्यांतील रसाचा ब्रिक्स ताडून पाहतो, तो याचसाठी. डोळे का मिटायचे, असे मूल विचारील. त्याला सांगावे, डोळे उघडे असले की जीभ खरे बोलत नाही.

२. वाटीतला रुपया

पितळी किंवा स्टीलच्या वाटीच्या तळाशी रुपया ठेवावा. मुलाने हळूहळू मागे सरकावे व रुपया काठाआड दिसेनासा झाला की थांबावे. आता आपण वाटीत अलगद पाणी ओतावे. मूल जागचे हललेले नाही, रुपयाही हललेला नाही, तरी रुपया दिसू लागतो!

पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्याचा हा परिणाम. साधे पाणी जेवढे वाकवते त्याहून साखरेचे पाणी जास्त वाकवते आणि साखर जितकी जास्त तितका वाक जास्त. तो वाक मोजूनच रिफ्रॅक्टोमीटर रसाचा ब्रिक्स सांगतो. धाकटीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे वाटीत सापडले. त्यानंतर मी तिला यंत्रावर उसाच्या रसाचा एक थेंब टाकून आत पाहायला दिले. महागाचे यंत्र मोडले नाही.

३. बाटलीतली जमीन

रुंद तोंडाच्या पारदर्शक बरणीत एक तृतीयांश माती घालावी, वर पाणी भरावे, झाकण लावून खूप हलवावे आणि बरणी ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात तळाला बसते. तिच्यावर पोयटा बसायला काही तास लागतात. चिकणमाती सर्वांत बारीक. ती एक-दोन दिवस पाणी गढूळच ठेवते. थर बसले की मुलाने पट्टीने मोजावेत.

एका बरणीत मळईची, दुसरीत काळ्या रानाची, तिसरीत मुरमाड माती घेऊन शेजारी शेजारी ठेवाव्यात. कोणत्या रानाला पाणी लवकर द्यावे लागते व कोणते रान दलदलते, हे त्या तीन बरण्या सांगतात. नाशिकला पाणी पुरवणारे गंगापूर धरण मातीचे आहे. मातीच्या धरणाच्या पोटात चिकणमातीचा गाभा भरतात, कारण तिच्यातून पाणी सहज पाझरत नाही. धरणाला जे वरदान, तेच उसाच्या मुळाला निचरा नसेल तर शाप.

४. हळदीचा लाल रंग

जाड पांढऱ्या कागदावर ओली हळद चोळून वाळवावी. मुलाने काडी साबणाच्या पाण्यात बुडवून त्यावर चित्र काढावे. पिवळ्यावर लाल चित्र उमटते. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की लाल पुन्हा पिवळे. आंबट एका बाजूला, साबण दुसऱ्या बाजूला, आणि हळद त्यांच्यातील भेद सांगणारी. मग घरात जे सापडेल ते तपासावे : चिंचेचे पाणी, ताक, कपडे धुण्याची पावडर, साधे पाणी. मुलाने आधी अंदाज सांगावा, मग थेंब टाकावा.

देवघरातले पारंपरिक कुंकू हळदीपासून होते, ते याच गुणामुळे. कारखान्यात उसाचा रस मुळात किंचित आंबट असतो. त्याला चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर देऊन आंबटपणा घालवतात व गाळ खाली बसवतात. चुना किंचित कमी-जास्त झाला तरी साखरेवर परिणाम होतो, म्हणून प्रयोगशाळेतला माणूस सतत तपासत असतो. त्याचे काम आणि पोरीचे काम जातीने एकच.

५. दोऱ्यावरची खडीसाखर

हे काम आईने किंवा आजीने करावयाचे, मुलाने पाहावयाचे. एक वाटी पाणी गरम करून त्यात साखर विरघळवत राहावे. तीन वाट्यांच्या आसपास साखर मावते. पाक थोडा निवला की दोन पेल्यांत ओतावा. प्रत्येक पेल्यावर आडवी काडी ठेवून तिला दोरा बांधून आत सोडावा. एक दोरा आधी ओला करून साखरेत लोळवून वाळवलेला, दुसरा कोरा. पेले आठवडाभर अजिबात हलवू नयेत. वर जाळीचे फडके बांधावे, नाहीतर मुंग्या पहिल्या सभासद होतात.

साखर लावलेल्या दोऱ्यावर स्फटिक लवकर व चांगले धरतात, कारण वाढायला त्यांना बी मिळालेले असते. कारखान्याच्या पॅनमध्येही हेच घडते. घट्ट झालेल्या रसात बारीक साखरेचे बी सोडतात आणि दाणा वाढवतात. आपण काट्यावर टाकलेल्या उसाचा दाणा कसा होतो, हे कळण्यासाठी कारखाना पाहायलाच हवा असे नाही.

६. काड्यांची कैची

काडेपेटीतल्या काड्यांचे गूल मोठ्यांनी खरडून काढावे. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे कापून त्यांत काड्या खोचाव्यात व एक त्रिकोण, एक चौकोन करावा. मुलाने दोन्ही दाबून पाहावेत. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. आता चौकोनाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक जास्त लांबीची काडी लावून पुन्हा दाबावे. तोही ताठ!

मग मुलाला घेऊन गोठ्याच्या, शेडच्या छपराकडे बघावे. कैचीत त्रिकोणच का, शेताच्या फाटकाला आडवी तिरकी पट्टी का, हे त्याचे तेच सांगेल.

७. पाऊस मोजू, सावली मोजू

सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी, झाड व वळचणीपासून दूर ठेवावा. सकाळी ठरल्या वेळी आतले पाणी पट्टीने मोजून वहीत लिहावे व डबा रिता करावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. या हिशेबाने दहा मिलिमीटर पावसात एक एकरावर सुमारे ४० हजार लिटर पाणी पडते. पाऊस झाल्यावरही सवयीने मोटर चालू करणाऱ्याने नातवाची वही एकदा पाहावी.

उन्हाळ्यात अंगणात काठी उभी रोवून तासातासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. नाशिकला मे महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास एक गंमत घडते. घड्याळात साडेबाराच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो व काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीसही असेच घडते, पण तेव्हा आभाळ असते. दिल्लीच्या मुलांना हा दिवस कधीच पाहायला मिळत नाही, कारण सूर्य तितक्या उत्तरेला डोक्यावर येतच नाही. सूर्याकडे मात्र कुणीही पाहू नये. पाहायची ती सावली.

तीन डबे आणि मी

आता जो प्रयोग मला सर्वांत जास्त शिकवून गेला तो सांगतो. बेण्यासाठी नऊ ते अकरा महिन्यांचा, बेणेमळ्यातला ऊस घ्यावा, आणि बुडख्याच्या जून डोळ्यांपेक्षा वरच्या भागातील डोळे लवकर व चांगले उगवतात, हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. म्हणून धाकटीबरोबर तीन डबे घेतले. एकात बुडख्याची, एकात मधली, एकात शेंड्याकडची एक डोळ्याची टिपरी लावली. शेंड्याकडचा डोळा आधी वर येणार हे मला पाठच होते.

आधी आला मधल्या डब्यातला!

मी म्हटले, "अगं, हे चुकलं. पुस्तकात तसं नाही." धाकटी डब्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, शेंड्याचा डबा कठड्यापाशी आहे. त्याला दुपारभर ऊन लागतं. त्याची माती बघा, सुकलीय." बोट घालून पाहिले. खरेच कोरडी होती. पुस्तक चुकले नव्हते. आम्ही तिन्ही डब्यांना सारखे वागवले नव्हते. कृषी पदविका घेऊन प्रात्यक्षिके लावण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याच्या ध्यानात हे आले नाही. पहिलीतल्या पोरीच्या आले.

दुसऱ्यांदा तिन्ही डबे एकाच जागी ठेवले, माती एकच, पाणी एकाच वाटीने. या वेळी शेंड्याकडचा डोळा पहिला वर आला, मग मधला, आणि बुडख्याचा सर्वांत मागून.

ही गोष्ट मी गटातल्या एका ज्येष्ठ सभासदाला सांगितली. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबा खोडव्याचेच बेणे वापरीत आणि बुडख्यासकट अख्खा ऊस तोडून लावीत. तीन हंगाम मी बांधावर उभा राहून घसा कोरडा केला होता. त्यांच्या नातीने तीन डबे ओसरीवर मांडले. महिन्याने मी गेलो तेव्हा आबा म्हणाले, "साहेब, तुम्ही यायचे, सांगायचे अन् निघून जायचे. हे डबे रोज सकाळी चहाच्या वक्ताला म्होरं असायचे. त्यांना काय उत्तर देऊ?" त्या लागणीला आबांनी बेणेमळ्यातून बेणे घेतले.

खरा विषय हाच

सभासद बंधूंनो, या सर्व प्रयोगांचे सार एका वाक्यात सांगता येते. दोन गोष्टी ताडायच्या असतील तर बाकी सर्व सारखे ठेवा आणि एकच गोष्ट वेगळी करा. शास्त्रज्ञाची मोठी प्रयोगशाळा याच पायावर उभी असते. पाच वर्षांच्या मुलाला हे वाक्य सांगून कळणार नाही. पण "त्याच्या डब्याला जास्त पाणी दिलंत, हे बरोबर नाही" असे ते चटकन म्हणते. न्यायाची ही समज पोरांना उपजतच असते. आपण तिला फक्त वाट करून द्यायची.

ही समज आपल्या शेतीला किती हवी आहे, ते मी रोज पाहतो. कुणीतरी बाटली घेऊन येतो. म्हणतो, हे टॉनिक फवारा, एकरी उतारा इतका वाढेल. एखाद्या शेतातला हिरवागार ऊस दाखवतो, मोबाइलवर फोटो दाखवतो. आपण भुलतो आणि पैसे मोजतो. एक प्रश्न मात्र विचारीत नाही : शेजारी, त्याच रानात, त्याच बेण्याच्या, त्याच पाण्याच्या, पण टॉनिक न मारलेल्या चार सऱ्या कुठे आहेत? त्या सऱ्या नसतील तर तो हिरवेपणा टॉनिकचा, की शेणखताचा, की नुकत्याच झालेल्या पावसाचा, हे कोण सांगणार? खत दुकानदाराच्या सांगण्यावरून टाकायचे की माती तपासून, हा प्रश्नही याच जातीचा.

आमच्या वयात ही सवय लागणे कठीण. माझे उदाहरण वर दिलेच आहे. पण ज्या मुलाने लहानपणी डोळे मिटून ऊस चाखला, तीन डबे शेजारी मांडले, आधी अंदाज सांगून मग थेंब टाकला, ते मूल पुढे शेती करो, नोकरी करो की दुकान टाको. त्याला सहजासहजी कुणी फसवू शकणार नाही. जमिनीचे तुकडे आपण वाटून देतोच. त्याबरोबर ही सवयही वारसाला गेली पाहिजे.

खबरदारी

पण हौसेपोटी अपघात नको. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

(१) कीटकनाशक, तणनाशक, त्यांची मापे व रिकाम्या बाटल्या घरात नकोतच. कुलपात, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवाव्यात. रिकामी बाटली कितीही धुतली तरी पाण्याला, तेलाला किंवा खेळायला देऊ नये.

(२) चुकून औषध पोटात गेले तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये. बाटली तिच्यावरील कागदासह बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

(३) चुना मुलांच्या हाती देऊ नये. डोळ्यात गेला तर डोळा जातो. हळदीच्या प्रयोगाला साबण पुरतो.

(४) शेगडी, पाक, कोयता, विळी यांची कामे मोठ्यांनीच करावीत. विजेच्या बोर्डाशी कोणताही प्रयोग नको.

(५) पाण्याची टाकी, शेततळे, विहीर यांच्याजवळ प्रयोग मांडू नयेत. अगदी लहान मुलांच्या हाती नाणी, बिया, मणी एकट्याने देऊ नयेत.

पालकांनी काय बोलावे?

उत्तर आधी सांगून टाकू नये. तीन वाक्ये पुरतात : "काय होईल असं तुला वाटतं?", "करून बघू या" आणि "असं का झालं असेल?" उत्तर आपल्यालाही ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणी सांगावे. बापालाही ठाऊक नसते, पण बाप शोधतो, हे पाहून मूल जास्त शिकते. प्रयोग फसला तर रागावू नये. फसलेला डबाच जास्त बोलतो.

मुलगा-मुलगी हा भेद तर नकोच. माझ्या घरात माती सुकलेली पाहिली ती मुलीने, आबांच्या ओसरीवर डबे मांडले तेही नातीने.

आणखी एक विनंती. हंगामात आपल्या फडावर तोडणीच्या टोळ्या येतात. त्यांची पोरे पाचटात खेळत दिवस काढतात. शाळेचे काय होते ते आपण जाणता. आपल्या अंगणात एखाद्या संध्याकाळी वाटीतला रुपया मांडाल तेव्हा कोपीवरच्या दोन पोरांनाही हाक मारा. त्याला पैसा लागत नाही.

येत्या लागणीच्या वेळी मी गटात येईन तेव्हा रान पाहीनच. पण त्याआधी ओसरीवर तीन डबे मांडलेले दिसले, तर चहा तेथेच घेईन. डब्यांचा निकाल मात्र मला घरातल्या सर्वांत लहान माणसाने सांगायचा.

जय सहकार!